लेकीचा पेपर लिहायचा कुणी?

 

आज एका शब्दापासून सुरुवात करू. पेपर. आपल्या घरात पेपर म्हणजे एक तर वर्तमानपत्र, नाही तर परीक्षा. लेक फोनवर म्हणाली, "आई, पुढच्या आठवड्यात माझा पेपर आहे," की आपण म्हणतो, "दही खाऊन जा गं." पण विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीचा पेपर बऱ्याचदा तीन तासांत संपत नाही. तो महिना-दोन महिने चालतो. एक विषय घ्यायचा, त्यावर आधी कुणी काय लिहिलंय ते वाचायचं, गरज पडली तर चार माणसांना भेटायचं, आणि मग आपलं म्हणणं दहा-वीस पानांत पुराव्यानिशी मांडायचं. तोही पेपरच. जरा मोठा झाला की त्याला प्रोजेक्ट म्हणतात, एम.ए.ला लघुप्रबंध आणि पीएच.डी.ला प्रबंध. नावं वेगळी, पण काम एकच. स्वतः विचार करून लिहायचं.

आमच्याकडे हा विषय आला तो कर्जाच्या अर्जातून. एका बचत गटाच्या मासिक बैठकीला आम्ही गेलो होतो. एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं, आठ हजार रुपये. कारण लिहिलं होतं, 'मुलीच्या पेपरसाठी'. सचिव म्हणाल्या, "परीक्षेची फी एवढी वाढली का?" तर फी नव्हती. विद्यापीठाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग आणि बाईंडिंग होतं, आणि त्याच काउंटरवर हळू आवाजात 'लिहून पण देतो' असं सांगितलं जातं. विषय सांगा, पानं सांगा, पंधरा दिवसांत काळ्या कव्हरात सोनेरी अक्षरांसकट पेपर हातात.

बैठकीत दोन तट पडले. एकजण म्हणाल्या, "ताई हप्ता फेडतात ना वेळेवर? मग कारण कशाला उकरायचं?" बोलणं बरोबर होतं. दुसऱ्या एक वहिनी शिलाईचं काम करतात. त्या म्हणाल्या, "म्हणजे शिलाईचा क्लास लावायचा आणि परीक्षेचं ब्लाऊज बाजारातून विकत आणून द्यायचं, असंच झालं की हे." त्यावर सगळ्या हसल्या, पण त्या ताई हसल्या नाहीत. त्या स्वतः सहा हंगाम ऊसतोडीला गेलेल्या. लेक विद्यापीठात पोचली ती घरातली पहिलीच. त्यांना एवढंच कळत होतं की पेपर दिला नाही तर वर्ष जातं, आणि वर्ष गेलं की घरातली माणसं म्हणणार, बस झालं शिक्षण, आता स्थळं बघा.

गटानं निर्णय आठ दिवस पुढं ठेवला आणि स्पीकरवर मुलीला फोन लावला. ती काय म्हणाली ते ऐका. "मला विषय येतो. बोलायला सांगा, तासभर बोलते. पण लिहायला बसलं की हात थांबतो. बारावीपर्यंत सगळं मराठीत झालं, आता पेपर इंग्रजीत द्यायचा. मॅडमना विचारायला गेलं तर दाराबाहेर दहा जण उभे. आणि विचारायचं तरी काय? मला काय येत नाही तेच मला सांगता येत नाही." मग ती म्हणाली, "मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, अमेरिकेत विद्यापीठांत यासाठी रायटिंग सेंटर असतं. आपल्याकडं नाही."

हे रायटिंग सेंटर काय असतं, याचा आम्ही शोध घेतला. मराठीत त्याला लेखन केंद्र म्हणू. गोष्ट निघाली अमेरिकेची, पण ऐकताना आम्हाला ती आपल्याच तालुक्याची वाटली.

न्यूयॉर्क शहरात सरकारी कॉलेजांचं एक मोठं विद्यापीठ आहे, सिटी युनिव्हर्सिटी. त्यातलं सगळ्यात जुनं सिटी कॉलेज १८४७ सालचं. गरिबांच्या मुलांना फुकट शिकवायचं म्हणून ते काढलेलं. पण पुढं प्रवेशासाठी गुणांची अट इतकी कडक झाली की कॉलेज ज्या हार्लेम वस्तीत उभं, तिथल्याच काळ्या मुलांना आत जाता येईना. शेजारच्या पोर्तो रिकन वस्तीतल्या मुलांचंही तेच. फाटक दारासमोर आणि आत दुसरेच. १९६९ साली विद्यार्थ्यांनी कॉलेजचा एक भाग ताब्यात घेऊन आंदोलन केलं. पुढच्याच वर्षी, १९७० साली, विद्यापीठानं दारं उघडली. शहरातल्या कुठल्याही शाळेतून बारावी झालेल्या मुलाला कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा मिळणार असं ठरलं. त्या एका वर्षात पहिल्या वर्गाला सुमारे ३५ हजार मुलं आली.

दार उघडलं, पण आत आल्यावर काय? बहुतेक मुलं घरातली पहिलीच शिकणारी होती. घरात बोलायची भाषा एक आणि कॉलेजात लिहायची दुसरी. लिहून दिलेल्या कागदांवर प्राध्यापकांच्या लाल रेघाच रेघा. काही प्राध्यापक उघडच म्हणू लागले की ही मुलं कॉलेजच्या लायकीची नाहीत.

सिटी कॉलेजात तेव्हा मिना शॉनेसी नावाच्या एक बाई होत्या. जन्म खाणकामगारांच्या गावातला, वडील खाणीत. या नव्या मुलांना लिहायला शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी काय केलं, तर मुलांचे चुकांनी भरलेले निबंध फेकून न देता जमवले. सुमारे चार हजार निबंध. ते ओळ न् ओळ वाचले. कोण कुठं अडखळतं, का अडखळतं ते बघितलं. आणि १९७७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. ही मुलं मठ्ठ नाहीत, आळशी नाहीत. ती नवशिकी आहेत. नवशिक्याच्या चुकांना एक रीत असते. ती रीत ओळखली की शिकवता येतं.

आपण हे रोज बघतो. नवी सून पहिल्यांदा भाकरी थापते तेव्हा ती एकाच बाजूला जाड होते. सगळ्यांचीच होते, आणि त्याच बाजूला होते, कारण हात अजून फिरत नाही. तिला भाकरी येत नाही असं म्हणून कुणी बाजारातून रोज भाकरी आणत नाही. पीठ कसं मळायचं, हात कसा फिरवायचा ते दाखवतो.

त्याच शहरात ब्रुकलिन कॉलेजमध्ये केनेथ ब्रफी नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांच्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. मदत ठेवली होती, पण मुलं मदतीला येतच नव्हती. कारण मदत करणारेही पुन्हा वर्गातल्यासारखेच, टेबलापलीकडचे साहेब. आपल्याकडे शिबिराचा मंडप भरत नाही तेव्हा 'लोकांना गरजच नाही' असं म्हणणारे असतात ना, तसं ब्रफी म्हणाले नाहीत. त्यांनी मदतीला बसवलं विद्यार्थ्यांनाच. दोन पावलं पुढं असलेल्या मुलांना थोडं प्रशिक्षण दिलं आणि सांगितलं, तुमच्याएवढ्याच मुलाचं लिखाण त्याच्याशेजारी बसून वाचा. मुलं येऊ लागली.

आम्हाला तर हे ऐकून हसूच आलं. बँकेच्या साहेबापुढं सही करायला थरथरणारी बाई गटातल्या बाईकडून सही शिकते, हे आपण किती वर्षं सांगतोय!

अमेरिकेत अशा लेखन-मदतीच्या खोल्या त्याआधीही होत्या, पण या काळात त्या गावोगावच्या विद्यापीठांत वाढल्या. पर्ड्यू नावाच्या विद्यापीठात १९७६ साली सुरू झालेली लेखन प्रयोगशाळा तर आज इंटरनेटवर जगभर वापरली जाते, तीही फुकट.

आता तिथं गेल्यावर होतं काय, ते नीट सांगतो, कारण खरी गोम तिथंच आहे.

मुलगी आधी वेळ घेते. अर्धा तास, पाऊण तास, फार तर एक तास. वेगळे पैसे नाहीत. शेजारी जी बसते ती बहुतेक वेळा वरच्या वर्गातली, प्रशिक्षण घेतलेली विद्यार्थिनी. तिचा पहिला प्रश्न असतो, "तुला लिहायला काय सांगितलंय?" सरांनी दिलेला प्रश्नाचा कागद दोघी मिळून वाचतात. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण 'वर्णन करा' सांगितलं असताना मुलगी भांडत बसलेली असते, किंवा 'तुमचं मत मांडा' म्हटलं असताना दुसऱ्यांचीच मतं उतरवून काढलेली असतात. अर्धं दुखणं इथंच सापडतं.

मग लिखाण मोठ्यानं वाचायचं. डोळ्याला न दिसलेली चूक कानाला ऐकू येते. वाक्य लांबलं की श्वास पुरत नाही, मुद्दा सुटला की वाचणाराच थांबतो. मदतनीस विचारते, "इथं तुला काय म्हणायचं होतं?" मुलगी तोंडानं सांगते. मदतनीस म्हणते, "आत्ता जे बोललीस तेच लिही." आणि पेन मुलीच्याच हातात राहतं. हा तिथला पक्का शिरस्ता. मदतनीस स्वतः लिहीत नाही, गुण देत नाही, हे लिखाण पास होईल की नापास हेही सांगत नाही. आधी म्हणणं काय ते, मग त्याचा क्रम, मग पुरावा, आणि शेवटी वाक्यं आणि शुद्धलेखन. घर बांधताना रंग आधी देत नाहीत, तसं.

हे दुरुस्तीचं दुकान नव्हे, असं तिथले लोक वारंवार सांगतात. सकाळी ब्लाऊज टाकलं, संध्याकाळी अल्टर करून नेलं, असं नाही. स्टीफन नॉर्थ नावाच्या एका शिक्षकानं १९८४ साली एक लेख लिहिला होता. आमचं काम लिखाण सुधारण्याचं नाही, लिहिणारा माणूस सुधारण्याचं आहे, असा त्याचा मतितार्थ. त्यांची तक्रार होती की त्यांच्याच कॉलेजातल्या सहकाऱ्यांना हे कळत नाही.

पण इथं आम्हाला एक बोलायचंय. जिची मायबोली वेगळी, तिला व्याकरणाची मदत लागतेच. 'आम्ही शुद्धलेखन तपासत नाही' असं म्हणून तिला परत पाठवलं तर ती जाणार कुठं? पुन्हा त्या झेरॉक्सच्या दुकानातच ना. हा वाद तिकडंही चालू असतो. आमचं मत विचाराल तर, दोन चुका तिच्यासमोर दुरुस्त करून दाखवाव्यात आणि तशीच तिसरी तिला शोधायला लावावी. शिवणकाम शिकवणाऱ्या वहिनी तेच करतात.

आपल्या देशात हे अगदीच नाही असं नाही. दिल्लीजवळ सोनीपतला अशोका नावाचं खाजगी विद्यापीठ आहे, तिथं लेखन केंद्र आहे. पण तिथली फी ऐकली तर आपण तोंडात बोट घालू. दिल्लीच्या सरकारी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात भाषेत मागं पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा कक्ष आहे. आपल्या लेकी जिथं शिकतात त्या कॉलेजांत अशी पाटी सहसा दिसत नाही. आम्हाला विचाराल तर ती हवी. कॉलेजात महागडा स्वागतकक्ष उभारता येतो, मग एक खोली, दोन टेबलं आणि पीएच.डी. करणारी चार मुलं बसवायला काय अडचण आहे? पालक-शिक्षक बैठकीत हे विचारायला आपल्याला डिग्री लागत नाही.

तोवर काय करायचं? त्या मुलीनं काय केलं ते सांगतो. हॉस्टेलमध्ये वरच्या मजल्यावर पीएच.डी. करणारी एक ताई राहते. तिच्याकडे ती चार पानं घेऊन गेली. विषय होता ऊसतोडीला जाणाऱ्या बायका. मुलीनं पहिली दोन पानं ऊस कधीपासून पिकतो, साखर कारखाने किती, अशी भरली होती. सगळं पुस्तकातलं. ताईनं पानं बाजूला ठेवली आणि विचारलं, "उचल म्हणजे काय गं?"

मुलगी सांगायला लागली. मुकादम हंगामाआधी पैसे देतो, ती उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेतो नवरा, सही-अंगठा त्याचा, आणि ऊस तोडून, मोळ्या बांधून ती फेडतात दोघं. आजारी पडून खाडा झाला तर पैसे कापतात. ताईनं विचारलं, "मग हिशेबात बाईचं नाव कुठं येतं?" मुलगी थांबली. म्हणाली, "येतच नाही." ताई म्हणाली, "हा तुझा पेपर. लिही."

आठ हजार घेणाऱ्या दुकानदाराला हे कुठून सुचणार होतं? त्यानं कुणाचा तरी जुना प्रबंध काढून नाव बदलून दिलं असतं. आपल्याकडे १८५५ साली मुक्ता साळवे नावाच्या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. फुल्यांच्या शाळेत शिकलेली ती मुलगी. मांग-महारांच्या दुःखावर लिहिलं होतं तिनं. पावणेदोनशे वर्षं होत आली, अजून तो निबंध वाचला जातो. तिनं स्वतः बघितलेलं स्वतः लिहिलं म्हणून.

आता जरा कायद्याचं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली उचलेगिरीविरुद्ध नियम केलेत. ही उचलेगिरी म्हणजे दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून खपवणं. प्रबंध संगणकावर तपासतात आणि दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो ते बघतात. दहा टक्क्यांपर्यंत चालून जातं. दहा ते चाळीस टक्के जुळला तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देताच येत नाही. साठच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. म्हणजे आठ हजारही गेले आणि वर्षही गेलं. दुकानदार काही तोंडी परीक्षेला येत नाही. तिथं प्रश्न लेकीला विचारतात, आणि न लिहिलेल्या पानाचं उत्तर देणं कठीण.

मग दुसऱ्याचं काहीच घ्यायचं नाही का? घ्यायचं की. पण नाव लिहून. गटाच्या वहीत कुणी किती रुपये भरले ते नावानिशी लिहितो, तसं कुणाचा विचार कुठल्या पुस्तकातून, कुठल्या पानावरून घेतला ते लिहायचं. त्याला संदर्भ देणं म्हणतात. दुसऱ्याचे पैसे आपल्या नावावर मांडले तर बैठकीत काय होईल ते तुम्ही जाणता. मोबाईलवर लिहून देणारी यंत्रं आलीत आता, त्यांचंही तेच. कॉलेज परवानगी देत असेल तर शंका विचारायला वापरावीत, पण यंत्रानं तुमचा फड बघितलेला नाही. शिवाय ते कधी कधी नसलेल्या पुस्तकांची नावंसुद्धा ठोकून देतं.

ज्या आयांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनीही लेकीला मदत करता येते बरं का. फोनवर "जेवलीस का" विचारून झालं की विचारा, "तुझ्या पेपरात तू काय म्हणतेयस? मला समजेल असं सांग." तिला दोन मिनिटांत मराठीत सांगता आलं तर निम्मं काम झालं. अडखळली तर ती नेमकी कुठं अडखळली ते तिलाच कळेल. त्या ताईंनी हे सुरू केलंय. मागच्या आठवड्यात त्यांनी लेकीची चूकही काढली. मुलीनं लिहिलं होतं की बायका पहाटे पाचला उठतात. ताई म्हणाल्या, "पाचला? पाचला आम्ही फडात असायचो. उठायचं तीनला, भाकरी कोण करणार मग?" ते वाक्य बदललं, आणि कुणी सांगितलं तेही खाली लिहिलं.

ज्या मुली आत्ता लिहितायत त्यांना एवढंच सांगू की पेपर जमा करायच्या आदल्या रात्री कुणाकडं जाऊ नका, तेव्हा कुणी काही करू शकत नाही. कोरा कागद घेऊन गेलात तरी चालेल, पण लवकर जा. सरांनी दिलेला प्रश्न सोबत न्या. आणि तिघी-चौघी मैत्रिणी मिळून आठवड्यातून एकदा एकमेकींचं मोठ्यानं वाचा. ग्रंथालयातल्या ग्रंथपालांना विचारा, त्यांना पुस्तकं कुठं सापडतात ते ठाऊक असतं, आणि त्यांच्या टेबलाशी फारशी रांगही नसते. मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्या आपल्यातल्या ताया-वहिनींनीही अभ्यासकेंद्रावरच्या रविवारच्या तासाला स्वतः लिहिलेलं पान घेऊन जावं, नुसतं ऐकून येऊ नये.

कर्जाचं काय झालं ते राहिलंच. पुढच्या बैठकीत ताईंनी आठ हजारांचा अर्ज मागं घेतला आणि दीड हजारांचा दिला. टायपिंग, बाईंडिंग आणि एसटीचं भाडं. तो मंजूर झाला. मुलीचा पहिला खर्डा मॅडमनी परत केलाय, उचलीचं प्रकरण आणखी वाढव म्हणून. इंग्रजीच्या चुका अजून आहेत, वरच्या मजल्यावरची ताई रविवारी बसते तिच्याबरोबर. जमा करायची तारीख जूनमधली आहे.

पुढच्या बुधवारी याच वेळेला भेटू. तुमच्या गावातली कुणी मुलगी असं काही लिहीत असेल तर तिला आमच्या स्टुडिओत पाठवा. आमच्याकडे मागच्या खोलीत एक टेबल रिकामं आहे, आणि दुपारी दोन ते चार तिथं ऐकायला आम्ही दोघी-तिघी असतो.